'प्लेग' की 'द प्लेग'?

इंग्रजीच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. 'मला मलेरिया झाला' याचे भाषांतर करताना मलेरियाच्या आधी 'द' लावायचा की नाही? आपण सांगतो, लावायचा नाही. मग एखादी चौकस मुलगी विचारते, 'पण वर्तमानपत्रात तर द फ्लू असे लिहिलेले असते. गोष्टीच्या पुस्तकात द प्लेग असते. ते कसे चालते?' व्याकरणाच्या पुस्तकात यावर बहुधा एका ओळीचे उत्तर मिळते : रोगांच्या नावांना उपपद लागत नाही, काही अपवाद आहेत. अपवाद कोणते ते पाठ करता येतात. ते अपवाद का झाले, हे मात्र कोणी सांगत नाही.

याचे उत्तर व्याकरणात थोडे आणि इतिहासात बरेच आहे. त्या इतिहासाचे एक पान आपल्या महाराष्ट्रातल्या बीड जिल्ह्यात लिहिले गेले आहे. तिथूनच सुरुवात करू.

मामला, १९९४

१९९४ च्या ऑगस्ट महिन्यात बीड जिल्ह्यातील मामला या लहान गावात उंदीर मरून पडू लागले आणि घरोघरी पिसवांचा त्रास वाढला. महिनाअखेरीस ताप आणि अंगावर दुखरी गाठ अशी लक्षणे असलेले रुग्ण दिसू लागले. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गावातील दर दहा माणसांत साधारण एकाला हा त्रास झाल्याचे सांगितले जात होते.

उंदीर, पिसवा आणि गाठ हा क्रम वैद्यकशास्त्राला जुनाच ठाऊक आहे. प्लेगचे जंतू मुळात उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत असतात. एका उंदराकडून दुसऱ्याकडे ते पिसवांमार्फत जातात. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे रक्त शोधू लागतात आणि माणसाला चावतात. चाव्यातून शिरलेले जंतू जवळच्या लसिकाग्रंथीत वाढतात. ती ग्रंथी सुजते. पिसवा बहुधा पायाला चावत असल्याने गाठ पुष्कळदा जांघेत येते.

या घटनेच्या आधी सुमारे एक वर्ष, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, शेजारच्या लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला होता. लोकांनी पडकी घरे सोडली, धान्य तिथेच राहिले, उंदीर माजले आणि रानातल्या उंदरांचा गावातल्या उंदरांशी संबंध आला, अशी मांडणी काही तज्ज्ञांनी केली.

भारतात माणसांमधील प्लेगची शेवटची नोंद १९६६ साली कर्नाटकात झाली होती. म्हणजे २८ वर्षे हा रोग देशाच्या कागदपत्रांत नव्हता. त्या काळात शिकलेल्या बहुतेक डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात पाहिला होता. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. काही देशांनी भारताकडची विमाने थांबवली. जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासावर बंधने घालण्याची शिफारस केलेली नव्हती, तरी हे झाले. टेट्रासायक्लिनसारख्या साध्या औषधाने वेळीच बरा होणारा हा रोग आहे, हे तेव्हाही सर्वांना माहीत होते. तरीही इतकी भीती का पसरली?

भीतीचा एक भाग रोगात होता. दुसरा भाग त्याच्या नावात होता, आणि ते नाव जगभर इंग्रजीतून पोचत होते. इंग्रजीत त्यावेळी दोन प्रश्न विचारता येत होते. 'इज इट प्लेग?' हा प्रयोगशाळेचा प्रश्न. त्याचे उत्तर जंतू दाखवून देता येते. 'इज इट द प्लेग?' हा दुसरा प्रश्न. त्याचा अर्थ असा, की तोच आला आहे का, आपण ज्याच्याविषयी लहानपणापासून ऐकले आहे तोच? दोन्ही प्रश्नांत फरक आहे एका छोट्या उपपदाचा.

'द' हे बोट आहे

'द' हा शब्द मुळात दर्शक सर्वनाम आहे. जुन्या इंग्रजीत त्याची तीन लिंगांत निरनिराळी रूपे होती : से, सेओ, थॅट यांच्या जवळपास उच्चार असलेली. आपल्याला हे ऐकून संस्कृतातले सः, सा, तत् आठवले तर ते बरोबरच आहे. दोन्ही भाषांचे मूळ घराणे एकच असल्याने ही रूपे एकमेकांची नातलग आहेत. आपले तो, ती, ते हेही त्याच कुळातले. म्हणजे इंग्रजीचा 'द' आणि मराठीचा 'तो' हे लांबचे भाऊबंद आहेत. फरक एवढाच, की इंग्रजीत तो झिजून उपपद बनला आणि जवळजवळ प्रत्येक वाक्यात येऊन बसला. मराठीत तो अजून गरज पडेल तेव्हाच बोट दाखवतो.

'द' लावणारा माणूस ऐकणाऱ्याला सांगत असतो : कोणता ते तुला माहीत आहे. 'द टीचर' म्हणजे आपल्या दोघांना ठाऊक असलेले शिक्षक. 'द सन' म्हणजे सूर्य, कारण तो आपल्याला एकच आहे. मग मलेरियाला 'द' का लागत नाही? कारण मलेरिया हे पाणी, दूध यांच्यासारखे न मोजता येणारे नाम धरले जाते. 'मी पाणी प्यालो' म्हणताना कोणते पाणी हे दाखवावे लागत नाही. तसेच मलेरिया, कॉलरा, क्षय यांचे. मात्र सर्दी, डोकेदुखी या गोष्टी इंग्रजी माणूस एकेक करून मोजतो, म्हणून 'अ कोल्ड', 'अ हेडेक' असे म्हणतो. तापाचेही पुष्कळदा तसेच.

अपवादात राहिले फ्लू, प्लेग, आणि जुन्या बोलीतले 'द मीझल्स', 'द मम्प्स'. तिथे 'द' बोट कशाकडे दाखवतो?

रोग येत असत

पूर्वी इंग्रजीत हे अपवाद नव्हतेच. जुन्या लिखाणात बऱ्याच रोगांना 'द' लावलेला दिसतो. एडवर्ड जेन्नर यांनी १७९८ साली गाईच्या देवीवर आपले प्रसिद्ध पुस्तक छापले. त्याच्या लांबलचक शीर्षकाच्या शेवटी त्या रोगाचे नाव 'द काऊ पॉक्स' असे आहे. आजचा डॉक्टर ते एका शब्दात आणि 'द' न लावता लिहील. डॅनियल डिफो यांनी लंडनच्या १६६५ च्या साथीवर १७२२ साली लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातही 'द प्लेग' आहे. तिथे 'द' खरे तर शेवटच्या 'इयर' या शब्दाचा आहे, म्हणजे 'प्लेगचे ते वर्ष'. या फरकाकडे आपण पुढे येऊ.

'पॉक्स' हा शब्द मूळचा अनेकवचनी आहे. 'पॉक' म्हणजे फोड, 'पॉक्स' म्हणजे फोड आलेले. 'मीझल्स', 'मम्प्स' हीही अनेकवचनी दिसणारी रूपे. अंगावर उठलेले ते फोड, ते पुरळ, असा त्यात अर्थ होता आणि म्हणून 'द' सहज लागत होता. मराठी शिक्षकाला हे समजायला अवघड नाही. आपणही 'कांजिण्या आल्या' म्हणतो, 'देवी आल्या' म्हणतो. रोग एक, पण क्रियापद अनेकवचनी.

त्या क्रियापदात आणखी एक गोष्ट दडली आहे. मलेरिया आणि टायफॉईड आपल्याला 'होतो'. देवी मात्र 'येत' असत. पटकी गावात 'येत' असे, आणि तिच्यामागे मरीआईचा कोप मानला जाई. येणारी गोष्ट बाहेरून, स्वतःच्या इच्छेने येते. इंग्रजीतही हीच कल्पना होती. 'प्लेग' हा शब्दच लॅटिनमधील 'प्लागा' म्हणजे तडाखा यावरून आला, आणि तडाखा देणारा कोणीतरी असतो. 'इन्फ्लुएन्झा' हा इटालियन शब्द, अर्थ प्रभाव : आकाशातील ग्रहताऱ्यांचा प्रभाव. प्लेगच्या धास्तीने १८९७ साली आपल्याकडे साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच्या इंग्रजी मसुद्यात प्रांतात साथ उद्‌भवण्यासाठी वापरलेला शब्द पाहुणा येण्यासाठी वापरतात तोच आहे. गंमत म्हणजे ज्या रोगासाठी कायदा झाला त्या रोगाला त्यात 'द' लावून वेगळे काढलेले नाही. कायदा 'एनी', म्हणजे 'कोणताही' धोकादायक साथीचा रोग असे म्हणतो. म्हणूनच तो कायदा पुढे १९९४ साली आणि २०२० सालीही हाताशी होता.

येणाऱ्या गोष्टीला 'द' शोभतो, कारण ती कोण ते सगळ्यांना ठाऊक असते. होणाऱ्या गोष्टीला त्याची गरज नसते.

मुंबईत नाव आधी, जंतू नंतर

'येणारा' प्लेग 'होणारा' कसा झाला, हे मुंबईच्या साथीत पाहायला मिळते. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी मांडवी भागातील रुग्णांना गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८९४ मध्ये, अलेक्झांडर येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये या रोगाचा जंतू शोधला होता. म्हणून या वेळी निदान केवळ गाठ पाहून थांबले नाही. वाल्डेमार हाफकिन मुंबईला आले, त्यांनी जंतूंवर काम सुरू केले आणि जानेवारी १८९७ मध्ये तयार झालेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी पिसवांचा संबंध दाखवून दिला. चार वर्षांत जंतू, लस आणि वाहक हे तिन्ही हाती आले.

या चार वर्षांत प्रयोगशाळेच्या दृष्टीने प्लेग ही कोणाची तरी शिक्षा राहिली नाही. एका विशिष्ट जंतूने होणारा तो एक रोग झाला. ज्याच्या रक्तात किंवा गाठीत तो जंतू आहे त्याला प्लेग आहे. नसेल तर नाही, मग गाठ कितीही मोठी असो. शास्त्रीय इंग्रजीत रोगांची नावे 'द' सोडून लिहिण्याची रीत पक्की झाली तीही याच शतकात. या बदलाला भाषेतील इतर कारणेही आहेत. पण दोन्ही गोष्टी हातात हात घालून गेल्या, एवढे म्हणायला हरकत नाही.

लोकांच्या बोलण्यात मात्र 'द प्लेग' राहिला, आणि तो राहणे स्वाभाविक होते. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. त्याच वर्षी २२ जूनला प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. पुढच्या दशकांत या रोगाने भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली. इतके सगळे ज्या शब्दाला चिकटले आहे, तो जंतूच्या व्याख्येत कसा मावणार?

मराठीने यासाठी 'द' घेतला नाही. 'प्लेग' हा शब्द आपण घेतला, त्याला पुल्लिंग दिले आणि विभक्ती लावली. 'प्लेगात गाव ओस पडले' असे आपण म्हणतो, तेव्हा कोणत्या प्लेगात असे कोणी विचारत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणत. 'मानमोडीत घर बसले' म्हणजे त्या एका वर्षात. अगदी अलीकडे 'कोरोनात शाळा बंद होत्या' हे वाक्य आपण सर्वांनीच वापरले आहे. रोगाच्या नावाला सप्तमीचा 'त' लागला की तो रोग राहत नाही, तो काळ होतो. इंग्रज माणूस जे 'द' लावून साधतो ते आपण 'त' लावून साधतो. विद्यार्थ्यांना हे दाखवले तर 'द' त्यांना इतका परका वाटणार नाही.

लघुरूपांचे काय?

आता लघुरूपे. इथे नियम गोंधळाचे वाटतात, पण एक गोष्ट लक्षात ठेवली की गोंधळ पुष्कळ कमी होतो : 'द' कोणत्या नामाचा आहे ते शोधावे.

एड्स हे नाव १९८२ साली रूढ झाले. पूर्ण नावाच्या शेवटी 'सिंड्रोम', म्हणजे लक्षणसमूह, हे मोजता येणारे नाम आहे. म्हणून त्या काळच्या वैद्यकीय नियतकालिकांत पूर्ण नाव लिहिताना आधी 'दि' लिहीत. पण लघुरूप 'एड्स' असे एका शब्दासारखे उच्चारले जाऊ लागले, त्यातला 'सिंड्रोम' कानाला दिसेनासा झाला आणि उपपद गळले. टी.बी.चे पूर्ण नाव ट्युबरक्युलोसिस. त्यालाच 'द' नाही, मग लघुरूपाला कुठून असणार? डी.डी.टी. आणि डी.एन.ए. हे पदार्थ, पाण्यासारखेच न मोजता येणारे. 'दि एच.आय.व्ही. टेस्ट' यात 'दि' आहे खरा, पण तो 'टेस्ट'चा आहे. 'द प्लेग बॅसिलस' यातला 'बॅसिलस'चा, आणि डिफोच्या पुस्तकातला 'इयर'चा.

संस्थांचे वेगळे. त्यांच्या नावात 'ऑर्गनायझेशन', 'इन्स्टिट्यूट' अशी मोजता येणारी नामे असतात. अक्षरे सुटी उच्चारली तर 'द' बहुधा टिकतो : 'द डब्ल्यू.एच.ओ.', 'द यू.एन.'. सलग शब्द झाला की तो बहुधा गळतो : युनिसेफ, युनेस्को, नेटो. कंपन्या आणि काही विद्यापीठे या नियमाला जुमानत नाहीत, तेव्हा 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा.

'द' म्हणायचे की 'दि' हे पुढच्या अक्षराच्या उच्चारावर ठरते, लिपीवर नाही. बीडच्या साथीत तपासणी करणारी दिल्लीची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था तेव्हा एन.आय.सी.डी. या नावाने ओळखली जाई (२००९ पासून तिचे नाव बदलले आहे). तिच्या नावाचे पहिले अक्षर व्यंजन असले तरी ते 'एन' असे स्वराने सुरू होते, म्हणून 'दि एन.आय.सी.डी.'. याउलट 'यू.एन.' स्वराक्षराने लिहितात, पण उच्चार 'य'ने सुरू होतो, म्हणून 'द'.

पुन्हा बीड

१९९४ च्या साथीबद्दल शास्त्रज्ञांत बराच काळ वाद चालला. जंतू वेगळा काढून दाखवायला वेळ लागला. सुरतेचा रोग प्लेग नसून लेप्टोस्पायरोसिस, मेलिऑइडोसिस किंवा हंता विषाणूचा आजार असावा, अशाही शंका निघाल्या. सरकारने डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. देशभरातून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ५,१५० संशयित रुग्ण आणि ५३ मृत्यू नोंदले गेले होते. पण संशयित म्हणजे सिद्ध नव्हे. पुढे तपासणीच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने जी संख्या धरली ती ८७६ रुग्णांची होती. 'द प्लेग'ची मोजणी आणि 'प्लेग'ची मोजणी यांत इतके अंतर पडले.

१९९६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात सुरत आणि बीड येथून मिळालेल्या जंतूंच्या रेणवीय तपासणीवर निबंध आला. त्याच्या शीर्षकाची सुरुवात अशी आहे : 'द १९९४ प्लेग एपिडेमिक ऑफ इंडिया'. २००० साली डी.एन.ए.च्या आधारे आणखी एक निबंध निघाला आणि येर्सिनिया पेस्टिस हाच जंतू कारणीभूत असल्याला दुजोरा मिळाला. त्याच्या शीर्षकात भारतातील प्लेगचा उल्लेख नुसता 'प्लेग' असा आहे. दोन्ही ठिकाणी व्याकरण अचूक आहे. पहिल्यात 'द' हा 'एपिडेमिक'चा, म्हणजे साथीचा : ठरावीक वर्षाची, ठरावीक देशातली ती साथ. दुसऱ्यात रोगाचे नाव, उपपदाशिवाय. साथीला 'द' आणि रोगाला काही नाही. मामल्यात झाला तो प्लेग होता. १६६५ चा किंवा १८९६ चा 'द प्लेग' तो नव्हता, कारण मधल्या काळात टेट्रासायक्लिन आले होते.

'द'मागे गावाचे नाव लागले की आणखी एक अन्याय होतो. १९१८ च्या साथीला इंग्रजीत 'द स्पॅनिश फ्लू' म्हणत. साथ स्पेनमध्ये सुरू झाल्याचा पुरावा नाही, पण नाव शंभर वर्षे चिकटले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१५ मध्ये नव्या रोगांना स्थळांची, माणसांची किंवा प्राण्यांची नावे देऊ नयेत अशी सूचना केली. ११ फेब्रुवारी २०२० रोजी 'कोविड-१९' हे नाव ठरले ते याच सूचनेला धरून.

वर्गात करून पाहण्यासारखे

कोविडच्या काळातील इंग्रजी वर्तमानपत्रे मिळाली तर मुलांपुढे ठेवावीत. जानेवारी २०२० मधील बातम्यांत 'अ न्यू कोरोनाव्हायरस' असे सापडेल : नवा, अनोळखी, एक. काही आठवड्यांत तो 'द कोरोनाव्हायरस' झाला, जणू जगात तो एकच आहे. वास्तविक कोरोना विषाणूंचे मोठे कुटुंब आहे. मग 'कोविड' आला, उपपदाशिवाय, आणि जोडीला 'द पँडेमिक'. एका रोगाचा अनोळखी पाहुण्यापासून ओळखीच्या आजारापर्यंतचा प्रवास मुलांना नुसत्या उपपदांवर बोट ठेवून शोधता येतो.

दुसरा उपक्रम मराठीचा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मुलांनी रोगांची नावे आणि त्यांची क्रियापदे लिहून आणावीत : काय 'येते', काय 'होते', काय 'लागते', काय 'निघते'. यादी फळ्यावर मांडली की पूर्वी कोणते रोग देवाचे मानले जात आणि कोणते शरीराचे, याचा अंदाज मुले स्वतःच बांधतील.

आणि पुढच्या वेळी एखाद्या गावात साथीची बातमी आली, तर वर्गात आधी दोन प्रश्न फळ्यावर लिहावेत. हा रोग कोणता, हे कोणी आणि कसे तपासले? आणि बातमीतला शब्द रोगाचे नाव सांगतो आहे, की जुन्या भीतीकडे बोट दाखवतो आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर यायला दिवस लागतील. दुसऱ्याचे उत्तर मुले त्याच तासाला देऊ शकतील.